न्हाई कुठं म्हणायचं

शालननं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं.

रविवार होता. बेदाण्याच्या शेडला सुट्टी. ओसरीवर पोतं अंथरून आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी टरफल काढायचो, ती शिरा ओढून चिंचोका बाहेर काढायची. लग्न झाल्यापासून दर साली हेच. कामाची वाटणी कधी ठरवली नव्हती आणि कधी बदललीही नाही.

तिचे दोन्ही हात चिकट झालेले. मोबाईल उंबऱ्यावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता.

"आवं, दाबा की तेवढं."

मी दाबलं. मोबाईल दाबणं हे माझं काम. कारण तिचे हात कधी मोकळे नसायचे. कणीक तरी असायची, नाहीतर शेण, नाहीतर चिंच.

मोबाईलमधली बाई बोलायला लागली. "नमस्कार. आजचा शब्द, पोस्टपोन. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे. आता तुम्ही म्हणा."

एवढं म्हणून ती बाई गप्प बसते. आपण म्हणावं म्हणून. मग थोड्या वेळानं आपलं आपणच म्हणते, "छान!"

"पोस्पोन," शालन म्हणाली.

"छान!"

"तुला पोस्पोनला छान म्हणतीया ती," मी म्हटलं. "दारातलं कुत्रं भुंकलं तरी छानच म्हणंल."

"म्हणू दे. तुमी तर कवा म्हटला न्हाई."

चिंचा अर्ध्या झाल्या. जेवलो. मग ती म्हणाली, "जरा पडते. चारला उठवा. च्या तुमी टाका आज." आणि आत जाऊन चटईवर आडवी झाली.

त्याच दिवशी ती मेली. लोक म्हणतात गेली, देवाघरी गेली. मला तसं म्हणवत नाही. सकाळी चिंचोके काढत होती आणि संध्याकाळी मी तिला अग्नी दिला, ह्याला मेली म्हणतात. शब्द कळतो. गोष्ट अजून कळत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण पोरगी म्हणाली, तात्या, मनात आहे ते कागदावर काढा. म्हणून काढतोय.

शालन कशी होती ते सांगायचं तर एकच सांगतो. ती घरात 'न्हाई' होती आणि बाहेर 'व्हय' होती.

घरात मी काही म्हटलं की तिचं पहिलं उत्तर 'न्हाई'. मी म्हटलं आज पाऊस येणार, की न्हाई. भाजीत मीठ जास्त झालंय, न्हाई. तू दमलीस, न्हाई. भावकीतल्या माणसांसमोर, सासऱ्यासमोर, माझ्या थोरल्या भावासमोर ती कधी दबली नाही. माझा बाप मिशीवाला माणूस, गाव त्याला टरकायचं. नवी नवरी असताना ह्या बाईनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, "मामंजी, तुमी चुकताय." बाप आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तिच्याशी बोलत होता.

पण समोर पँटशर्टातला माणूस आला आणि त्यानं बोलण्यात इंग्रजी शब्द टाकला, की हिची जीभ टाळ्याला चिकटायची. तोंडातून फक्त 'व्हय' निघायचं. काय विचारलं ते कळायच्या आधी निघायचं.

आम्ही साताऱ्याला होतो तेव्हाची गोष्ट. मी तिकडं एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला होतो. भोंगा वाजला की जायचं, भोंगा वाजला की यायचं. रेखा, आमची एकुलती एक पोरगी, तिकडंच शिकली आणि लग्न करून आता तिकडंच नांदते. तर एकदा शालनला ताप आला म्हणून दवाखान्यात नेली. तरुण डॉक्टर होता. त्यानं लिहिता लिहिता विचारलं, "एनी ॲलर्जी?"

"व्हय," ही म्हणाली.

डॉक्टर थांबला. "कशाची?"

आता हिला काय ठावं. आधी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरकडं, आणि म्हणाली, "समद्याचीच."

डॉक्टरनं सुई बाजूला ठेवली, गोळ्याही दिल्या नाहीत, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. बाहेर आल्यावर मी कपाळाला हात लावला. ती म्हणते, "सुई तर चुकली!" आणि ताप अंगात असताना रस्त्याच्या कडेला उभी राहून हसली. हसली की ती पदर तोंडात कोंबायची. नुसते खांदे हलायचे.

मी नोकरीतनं सुटलो आणि आम्ही गावाकडं आलो. आमचं गाव सांगलीच्या बाजूला, द्राक्षाच्या पट्ट्यात. शालन घरी बसणारी नव्हती. गावाबाहेरच्या बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायला लागली. लांब टेबलावर बेदाणा ओततात, दोन्ही बाजूंना बायका उभ्या. काळा दाणा, फुटका दाणा, काडी बाजूला करायची. टेबलावर ही थोरली, म्हणून काही विचारायचं झालं की मालक हिला विचारायचे आणि बाकीच्या हिच्याकडं बघायच्या.

तिच्या शेजारी उभी राहायची पद्माक्का. आमच्या घराला लागून घर. जैन. म्हातारी, एकटी, वाळक्या काटकीसारखी. दिवस मावळल्यावर पद्माक्का तोंडात घास घालत नाही, कधीच नाही. माझ्या आठवणीत तिनं हे मोडलेलं नाही. शेड सुटून घरी येईपर्यंत अंधार पडायचा. म्हणून चार वाजता शेडवर चहाची सुट्टी व्हायची तेव्हा बाकीच्या आत चहा प्यायच्या आणि पद्माक्का बाहेर लिंबाखाली बसून फडक्यातली भाकरी खायची. तेच तिचं रात्रीचं जेवण. शालन तिच्यासमोर बसून चहा प्यायची. कुणी ठरवलेलं नव्हतं. असं चालत आलं होतं.

ह्या थंडीत शेडवर नवा सुपरवायझर आला. निखिल नाव. पुण्याचा पोरगा, सरळ, कुणाला वाकडं बोलणारा नाही. पण त्याचं मराठी असं, की मधले मधले दाणे मराठी आणि बाकी सगळं इंग्रजी. मालक सांगलीला बेदाण्याच्या सौद्यात असायचे, शेड ह्याच्या हातात. एके दिवशी सकाळी त्यानं बायकांना गोळा केलं आणि सांगितलं. काय सांगितलं ते शालननं मला नंतर, शब्द कळायला लागल्यावर, जुळवून जुळवून सांगितलं.

"चारच्या ब्रेकमुळं प्रॉडक्टिव्हिटी डाऊन जाते. फ्लो तुटतो. सो आपण कंटिन्यू करूया. ओके ना, मावशी?"

"व्हय सर," शालन म्हणाली.

टेबलावरची थोरली व्हय म्हणाली म्हटल्यावर सगळ्या म्हणाल्या. व्हय सर, व्हय सर. पद्माक्कासुद्धा.

त्या दिवशी चार वाजले आणि चहाची किटली आली नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शालन म्हणे दाराकडं बघत हात चालवत राहिली. साडेचार झाले, पाच झाले. मग कुणीतरी निखिलला विचारलं. तो म्हणाला, "सकाळीच डिस्कस झालं की. तुम्ही सगळ्या हो म्हणालात."

ती घरी आली ती थेट चुलीपुढं बसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय न्हाई. च्या बंद झाला." मी म्हटलं, मग घरी येऊन पी. मला काय माहीत त्यात काय आहे.

पद्माक्का कुणाला काही बोलली नाही. कामाच्या जागी डबा न्यायला बंदी. दुपारी पोटाला होईल तेवढं खायचं आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. उभ्यानं काम, आणि ते वय. काही दिवस असं गेल्यावर एका संध्याकाळी ती टेबलावर वाकली ती वाकलीच. कपाळ बेदाण्यात. बायकांनी उचलून बाहेर लिंबाखाली आणली, पाणी मारलं. पाणी पाजायला गेल्या तर तिनं आधी डोळे उघडून आभाळाकडं बघितलं. दिवस बुडाला होता. तोंड घट्ट मिटून घेतलं.

"उन्हाचं झालं गं," म्हणाली. थंडीचे दिवस होते.

शालननं तिला घरी आणून निजवली आणि आमच्या चुलीपुढं येऊन बसली. मी ताट वाढून घेतलं होतं. ती म्हणाली, "आवं, मी तिची भाकरी काढून घेतली."

"तू कशी? त्या पोरानं."

"त्यानं विचारलं. व्हय कोण म्हणलं?"

त्या रात्री ती जेवली नाही. मी म्हटलं, खुळी आहेस, उद्या जाऊन त्याला सांग की चहा पाहिजे. ती गेली. एकदा नाही, लय वेळा गेली. दर वेळी निखिल हसून बोलायचा. "मावशी, आय अंडरस्टँड. बट सध्या शेड्यूल टाइट आहे, नंतर रिव्ह्यू करू, ओके?" आणि दर वेळी हिच्या तोंडातून निघायचं ते निघायचंच. "व्हय सर." फाटकाबाहेर येऊन स्वतःच्या थोबाडात मारून घ्यायची. खरंच मारायची, पद्माक्कानं बघितलंय.

मग तिनं रेखाला साताऱ्याला फोन लावला. "मला इंग्रजी शिकायचंय."

रेखा हसली. "आई, आता? कशाला?"

"कामाला."

रेखानं तिकडनं तिच्या मोबाईलवर इंग्रजी शिकवणारे धडे पाठवून दिले. पहिला धडा आंबा, केळं, सफरचंद. दुसरा तांबडा, पिवळा, हिरवा. शालननं पुन्हा फोन लावला. "रेखे, मला केळं नको. मला येळेचं शब्द पायजेत. कामाचं आन् येळेचं. तो पोरगा जे बोलतो ते."

रेखानं शोधून तसले धडे काढून दिले. आणि सांगितलं, बोलायला लागायला वेळ लागेल हां आई. तेव्हा शालन जे बोलली ते माझ्या अजून कानात आहे. म्हणाली, "मला बोलायला नगंच हाय. मला 'न्हाई' कुठं म्हणायचं तेवढं कळाया पायजे."

तेव्हापासून आमच्या घरात रोज सकाळी ती बाई बोलायला लागली. मी दाबायचो, बाई सांगायची, शालन भाकरी थापता थापता म्हणायची. नुसता शब्द तिच्या डोक्यात राहायचा नाही. तिला तो कुणाला तरी देऊन टाकावा लागायचा. पेंडिंग हा शब्द तिनं समोरच्या बापूच्या घराला दिला. त्याच्या स्लॅबवर लोखंडी गज कधीचे उभे आहेत, वरचा मजला काही होत नाही. दार उघडलं की ती म्हणायची, "बापूचं पेंडिंग." अर्जंट हा शब्द कोंबडीला दिला. पंक्च्युअल दूधवाल्याच्या म्हशीला, कारण दूधवाला उशिरा येतो पण म्हैस वेळेवर ओरडते. आळीतल्या बायकांनीही उचललं. बापूची बायको एकदा भांडायला आली, "माझ्या घराला काय म्हणताय तुमी, कायतरी वंगाळ हाय न्हवं ते?" शालननं तिला आत बसवून अर्थ सांगितला. ती बाई घरी गेली आणि तिनं बापूला तोच शब्द चार लोकांसमोर ऐकवला.

मल्टिटास्किंग ज्या दिवशी आलं त्या दिवशी तर मजा झाली. बाईनं समजावून सांगितलं की एकाच वेळी अनेक कामं करणं. तेव्हा शालनचा एक हात तव्यावर, पायानं मांजर हाकलतेय, चुलीवर दूध, आणि तोंडानं मला सांगतेय की नळाला पाणी आलंय, हंडा लावा. ती थांबली.

"हेला नाव बी ठिवलंय व्हय!" म्हणाली. आणि पदर तोंडात.

एका शब्दावर मात्र ती अडली. स्पेअर टाइम. बाई म्हणाली, फावला वेळ, जास्तीचा वेळ. शालननं मला विचारलं, "स्पेअर म्हंजे गाडीच्या चाकागत का वो? ज्यादाचं?"

"तसंच असंल."

"मग हा ज्यादाचा येळ असतोय कुणाकडं?"

"माझ्याकडं हाय की."

तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं. "तुमच्याकडं तेवढाच हाय. चाकं कुठायत?"

मी हे ऐकून घेतलं. आता कोण ऐकवणार.

शिकलेलं ती रोज शेडवर नेऊन लावून बघायची. बोलायची नाही. निखिल बोलायला लागला की नुसती ऐकायची. संध्याकाळी मला सांगायची, आज त्याच्या बोलण्यातले इतके शब्द कळले. जसं तांदळातलं खडं निवडावं तसं. आणि जसजसं कळायला लागलं तसतशी तिची झोप कमी झाली. "आवं, आमी कशाकशाला व्हय म्हणलोय ते आता कळतंय," म्हणाली. "दमलं तरी खाली बसायचं न्हाई, त्यालाबी व्हय म्हणलोय आमी." हे सांगताना ती रागात नव्हती. डोळे मोठे झालेले. वाटेवर साप ओलांडून पुढं गेल्यावर मागं वळून बघितल्यासारखी दिसायची.

मग तो शनिवार. ती पुन्हा निखिलकडं गेली. पद्माक्का दाराबाहेर उभी होती, तिनंच मला सगळं सांगितलं. शालन म्हणाली, सर, चारची सुट्टी पायजे. पद्माक्का दिवस मावळल्यावर खात न्हाई. उपाशी ऱ्हाती. निखिलनं ऐकून घेतलं. मान हलवली. मग म्हणाला, "आय नो मावशी, बट धिस वीक डेडलाइन आहे. नेक्स्ट मंथ रिव्ह्यू करू. ओके?"

पद्माक्का म्हणते, शालनचं तोंड उघडलं. तिला वाटलं आता येणार, व्हय सर. तोंड उघडंच राहिलं. आणि मग आलं.

"न्हाई."

निखिल खुर्चीत मागं झाला. जणू टेबल बोललं.

"न्हाई सर," शालन म्हणाली. "फुडच्या म्हैन्यात न्हाई."

त्या पोरानं मोबाईल काढून तारखा बघितल्या. मग म्हणाला, "ओके. मंडे. सोमवारी मालक येणार आहेत, दहा वाजता या. तुम्हीच सांगा त्यांना."

ती घरी आली ती चपला पायात ठेवूनच आत आली. मी चहा दिला. "आवं, मी न्हाई म्हणले," म्हणाली. परत म्हणाली, "मी न्हाई म्हणले." मी म्हटलं, मला तर जन्मभर म्हणतीस. तर म्हणाली, "तुमाला म्हणायला काय लागतंय!"

त्याच्या दुसऱ्या दिवशी चिंचा.

चार वाजता मी चहा टाकला. तिच्या मापानं, साखर कमी. कप घेऊन आत गेलो. ती भिंतीकडं तोंड करून कुशीवर निजलेली. कोपराला चिंचेची शीर चिकटली होती. मी वाकून ती काढली.

"शाले, चार वाजलं. च्या."

मी दुसऱ्यांदा म्हटलं. मग खांद्याला हात लावला. मग कप कुठं ठेवला मला आठवत नाही. पद्माक्का म्हणते मी ओरडलो नाही. मी दारात जाऊन तिला म्हटलं, "ही उठना झालीया बघ." असं, म्हैस उठेना झाल्यावर सांगतात तसं.

डॉक्टर आला, म्हणाला झोपेतच, हृदय. माणसं जमली. रेखा साताऱ्याहून आली तेव्हा तिरडी बांधून तयार होती. बायकांनी आंघोळ घातली. पद्माक्का म्हणाली, लय धुतलं पण हाताचा चिंचेचा वास गेला नाही. स्मशानात मला कुणी काय सांगितलं, मी काय केलं, काही माहीत नाही. हे कर म्हटलं, केलं. एवढं आठवतं की अर्ध्या चिंचा ओसरीवर तशाच होत्या आणि माणसं त्या ओलांडून येत-जात होती. कुणी उचलल्या नाहीत.

सकाळी उजाडलं. उजाडतं कसं ह्याचंच मला नवल वाटलं. रेखा रडून रडून भिंतीला टेकून झोपली होती. मी ओसरीवर येऊन बसलो, माझ्या जागी. मोबाईल उंबऱ्यावर, तांब्याला टेकलेला. कुणी हलवला नव्हता. रोज ह्या वेळेला मी तो दाबतो. दाबला. कालचाच धडा परत लागला.

"नमस्कार. आजचा शब्द, पोस्टपोन. पोस्टपोन म्हणजे पुढे ढकलणे. आता तुम्ही म्हणा."

मग ती बाई गप्प बसली.

मी समोरच्या पोत्याकडं बघत होतो. चूल गार. कोंबडी ओरडली नाही, कुत्रं भुंकलं नाही. आळीत कुठं काही वाजलं नाही.

"छान!" बाई म्हणाली.

मी मोबाईल उचलून पोत्याखाली दडपला. तोंडातून आपोआप आलं, "पुढं ढकलायचं की गं शाले. सोमवारपतूर तरी."

पद्माक्का चहा घेऊन दारात उभी होती. मागं शेडच्या बायका. पद्माक्काच्या काखेत भाकरीचं फडकं होतं. सवयीनं सकाळी बांधलेलं.

"आज आमी कुणी कामाला जात न्हाई, तात्या," ती म्हणाली.

"मग दहाला कोण जाणार?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "आता कसलं दहा. बघू म्हणं फुडं."

मी उठलो. टोपी घातली. पायात चपला घातल्या नाहीत, घालायच्या नसतात.

"तात्या, सुतक हाय," पद्माक्का म्हणाली. "काल अग्नी दिलायसा. घर सोडायचं न्हाई."

"आत शिरत न्हाई कुणाच्या. फाटकात हुबा ऱ्हातो."

रेखा जागी झाली, तात्या तात्या म्हणत दारापर्यंत आली. मी थांबलो नाही. रस्त्यानं माणसं बघत होती. काल ज्यांनी खांदा दिला ते चहाच्या गाड्यावर उभे होते, त्यांच्या हातातले कप तिथंच राहिले. माझ्या मागं पद्माक्का आणि तिच्या मागं बायका.

फाटकाशी जाऊन मी उभा राहिलो. वॉचमननं आत निरोप दिला. निखिल पळतच बाहेर आला. मला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याचे डोळे भरले होते, खोटं सांगत नाही.

"तात्या, आय ॲम सो सॉरी. काल कळलं मला. बिलीव्हच होत नाहीये. आजची मीटिंग मी कॅन्सल केलीय."

मला त्यातलं 'मीटिंग' तेवढं कळलं. शालनला बाकीचंही कळलं असतं. कुठं न्हाई म्हणायचं ते तिला ठाऊक होतं. मला ते शब्द येत नाहीत. म्हणून मी सगळ्यालाच म्हणायचं ठरवलं.

"न्हाई," मी म्हटलं.

"म्हणजे, मालक आलेत, पण तुम्ही ह्या कंडिशनमध्ये..."

"न्हाई."

"आपण नेक्स्ट वीक नक्की..."

"न्हाई."

"तात्या, प्लीज, तुम्ही घरी जा. मी स्वतः येतो भेटायला. ओके?"

"न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, मागच्या बायकांकडं बघितलं. डोक्यावरची ती शेडची जाळीची टोपी काढून हातात घेतली. आणि मग सरळ मराठीत विचारलं, "चार वाजता सुट्टी पाहिजे. एवढंच ना?"

इथं 'व्हय' म्हणायचं होतं. एवढं मला कळत होतं. पण तो शब्द माझा नव्हता. तिचा शब्द तो. सगळ्या जगाला म्हणत फिरली, मला सोडून. माझ्या तोंडातून तो बाहेर पडेना.

मागून पद्माक्का म्हणाली, "व्हय."

निखिलनं मान हलवली. "मालकांशी आत्ता बोलतो," म्हणाला आणि आत गेला.

मी बायकांना म्हटलं, "जावा कामावर. मी हितं हाय. चारला बघतो किटली येती का न्हाई ते."

एकेक करून त्या आत गेल्या. पद्माक्का शेवटी राहिली. कामाच्या जागी डबा नेता येत नाही. तिनं काखेतलं फडकं काढलं, क्षणभर हातात धरलं आणि माझ्याकडं दिलं.

"तुमच्यापाशी असू द्या," म्हणाली. "चारला येते."

फाटकाबाहेर लिंबाखाली दगड आहे. शालन त्यावर बसून चहा प्यायची. मी त्यावर बसलो आणि भाकरी मांडीवर घेतली. अजून गरम होती.